ओजुएलेग्बाची कोंडी

लागोसच्या सुरुलेरे भागात ओजुएलेग्बा नावाचा चौक आहे. चौक म्हणायचं ते सवयीने. प्रत्यक्षात तिथे एक उड्डाणपूल आहे, पुलाच्या पोटाखाली बाजार आहे, चारी बाजूंनी येऊन भिडणारे रस्ते आहेत आणि या सगळ्यावर पसरलेल्या पिवळ्या मिनीबस आहेत. या पसाऱ्यावर दोन पिढ्यांनी दोन गाणी केली. पहिलं १९७५ साली फेला कुटीचं, दुसरं २०१४ साली विझकिडचं. दोन्ही जगभर ऐकली गेली. वाहतुकीच्या एका नाक्याच्या वाट्याला एवढं भाग्य सहसा येत नाही. ती गाणी कानात घालून तिथे उभं राहायचं, असं ठरवून मी गेलो होतो. इअरफोन खिशातच राहिले. ओजुएलेग्बात ओजुएलेग्बाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

ऐकू येतात ते मुख्यतः कंडक्टर. या पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या मिनीबसला लागोसमध्ये डान्फो म्हणतात. एके काळी त्यात युरोपातून आलेल्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅन जास्त असत, आता जपानी गाड्याही बऱ्याच दिसतात. सरकतं दार कायम उघडं. त्या दारात एक पाय आत, एक पाय हवेत ठेवून कंडक्टर लटकलेला असतो आणि 'ओशोडी-ओशोडी-ओशोडी' असा एका दमात पुकारा करत असतो. मग श्वास, मग 'याबा, याबा', मग पत्र्यावर तळव्याचे ठोके, म्हणजे ड्रायव्हरने निघावं. आत शिरताना ठरलेली ताकीद मिळते: सुट्टे असतील तरच चढा. सुट्टे नसतीलच तर कंडक्टर दोन अनोळखी प्रवाशांची जोडी लावून देतो. दोघांचे मिळून उरलेले पैसे एकाच नोटेत हातात ठेवतो आणि उतरल्यावर तुमचं तुम्ही बघा म्हणतो. मग टाय लावलेला बँकेतला माणूस आणि टोपलीवाली बाई नोट मोडून घ्यायला एकाच पानटपरीसारख्या दुकानापुढे उभे राहतात. उतरायचं असेल तर 'ओवा' म्हणून ओरडायचं. घंटा नाही, दोरी नाही.

डान्फोच्या मागच्या काचेवर काहीतरी लिहिलेलं असतंच. देवाच्या निकालावर अपील नाही, कोणतीच परिस्थिती कायम राहत नाही, अशा अर्थाची ही इंग्रजी सुभाषितं. कोंडीत अडकल्यावर ती वाचायला वेळ भरपूर मिळतो. कोंडीला इथे 'गो-स्लो' म्हणतात. गो-स्लो लागला की रस्त्याचा बाजार होतो. गाड्यांच्या रांगांमधून पोरं धावत येतात: गाला नावाचा सॉसेज रोल, पाण्याच्या पिशव्या, कच्च्या केळ्याचे वेफर्स, मोबाइलचे चार्जर, रुमाल. गाडी सुरू झाली तर विकणारा पैशासाठी खिडकीबरोबर पळतो. न खाता ऑफिसातून निघालेला लागोसकर घरी पोचेपर्यंत रस्त्यातच जेवलेला असतो.

फेलाने या गो-स्लोवर गाणं केलं ते १९७२ मध्ये, 'रोफोरोफो फाइट' या रेकॉर्डवर. गाण्याचं नावच 'गो स्लो'. चारी बाजूंनी वाहनांनी वेढलेला माणूस त्यात कैद्यासारखा होतो. वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. २ एप्रिल १९७२ रोजी नायजेरियाने ब्रिटिशांची डावी बाजू सोडून रस्त्याची उजवी बाजू धरली. शेजारी देश उजवीकडून चालत असताना आपणच डावीकडून का, असा तो साधा हिशेब होता. बेनिन, नायजर, कॅमेरून हे सगळेच शेजारी उजवीकडून चालत होते. लगेच पुढच्या वर्षी, १ जानेवारी १९७३ ला पौंड गेला आणि नायरा आला. त्याच वर्षाअखेरीला तेलाचे भाव भडकले आणि नायजेरियाच्या तिजोरीत पैसा कोसळू लागला. पैसा आला की मोटारी आल्या. रस्ते मात्र होते तेवढेच. शिवाय शहराची रचनाच अशी की लोक राहतात मुख्य भूमीवर आणि कचेऱ्या बेटांवर. मध्ये खाडी आणि तिच्यावर मोजके पूल. सकाळी सगळं शहर एकाच दिशेला, संध्याकाळी सगळं उलट.

कोंडी फक्त रस्त्यावर नव्हती. १९७५ मध्ये लष्करी सरकारने बंदराला पेलणार नाही एवढं सिमेंट मागवून ठेवलं आणि लागोसच्या समुद्रात शेकडो जहाजं माल उतरवायची वाट पाहत नांगर टाकून बसली. काहींमधलं सिमेंट जागच्या जागी खराब झालं. समुद्रातला हा गो-स्लो पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत गेला. तो ज्या साली घडला त्याच साली फेलाचं 'कन्फ्युजन' आलं हा योगायोग असेल, पण तो फार जुळून आलेला योगायोग आहे.

'कन्फ्युजन' पंचवीस मिनिटांचं आहे. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून एकच गाणं. सुरुवातीला फेलाचा इलेक्ट्रिक पियानो आणि टोनी ॲलनचे ड्रम एकमेकांना चाचपडत राहतात, ताल काही केल्या ठरत नाही. मग बास गिटार एक छोटी ओळ पकडते आणि ती शेवटपर्यंत सोडत नाही. शब्द यायला फार वेळ लागतो. आल्यावर ते आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या चलनांच्या आणि भाषांच्या गोंधळाबद्दल बोलतात, आणि तिथून थेट ओजुएलेग्बाच्या चौकात येतात. चारी दिशांनी गाड्या घुसताहेत आणि त्यांना आवरायला मधोमध जो पोलीस हवा तो जागेवर नाही. एवढंच दृश्य. पण फेला ते रस्त्याचं म्हणून सांगत नाही, देशाचं म्हणून सांगतो. वसाहतवाले गेले, लष्करवाले आले, मधली जागा रिकामीच.

या चौकाशी एक जुनी गोष्ट निगडित आहे. योरुबा लोकांचा एशू, म्हणजेच एलेग्बा, हा रस्त्यांच्या फाट्यांचा देव. निरोप इकडचा तिकडे नेणारा, खोड्या काढणारा, माणसाला पेचात टाकून मजा बघणारा. ओजुएलेग्बाला त्याचं ठाणं आहे. फेलाला हे ठाऊक नसणं शक्यच नाही. योरुबा देवांकडे त्याचा ओढा पुढे वाढतच गेला. त्यामुळे त्याने गोंधळाचं गाणं नेमक्या याच चौकात आणून सोडलं यात मला तरी हुशारी दिसते.

फेला जन्माने असा रस्त्यावरचा माणूस नव्हता. १५ ऑक्टोबर १९३८ ला अबेओकुटात जन्म. वडील शिक्षक आणि धर्मगुरू; आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी, बाजारातल्या बायकांना संघटित करून कराविरुद्ध लढलेली नेता. वैद्यकी शिकायला १९५८ मध्ये लंडनला पाठवलेला हा मुलगा ट्रिनिटी संगीत महाविद्यालयात दाखल झाला. परत आल्यावर हायलाइफ, जॅझ, अमेरिकन फंक आणि योरुबा ताल यांच्या मिश्रणातून त्याने आणि टोनी ॲलनने जे उभं केलं ते ॲफ्रोबीट. गाणी त्याने मुद्दाम पिजिन इंग्रजीत लिहिली. नायजेरियात भाषा पाचशेच्या आसपास आहेत, आणि बसमध्ये खांद्याला खांदा लावून बसलेला माणूस इग्बो आहे की हौसा हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. पिजिन दोघांनाही कळते. त्याचं गाणं डान्फोत वाजलं तर कोणीही भाषांतर मागत नाही.

त्याच्या गाण्यांच्या लांबीबद्दल परदेशी कंपन्या कुरकुर करत. रेडिओवर वाजवायचं कसं? तो छोटं करून द्यायला तयार नसे. त्याची आणखी एक सवय अशी की एकदा गाणं रेकॉर्ड झालं की तो ते कार्यक्रमात सहसा वाजवत नसे. लोक येऊन गाजलेलं गाणं मागत आणि त्यांना नवं ऐकावं लागे. संगीताचे जाणकार त्याच्या तालाची मुळं सांगतील ती बरोबरच असतील. मला मात्र गो-स्लोत तासभर बसल्यावर एक वेगळीच गोष्ट पटली. बास पुढे सरकत नाही, आणि तरी आत काहीतरी सतत हलतं आहे: गिटार, शेकेरे, मध्येच कर्ण्यासारखे घुसणारे सॅक्सोफोन. पंचवीस मिनिटं एका जागी उभं राहायची ज्या शहराला रोजची सवय आहे, तिथेच असं गाणं रचलं जाऊ शकतं.

ओजुएलेग्बाहून मुशिनकडे निघालं की अगेगे मोटर रोड लागतो. याच रस्त्यावर फेलाचं घर होतं. त्याला त्याने 'कालाकुटा रिपब्लिक' असं नाव देऊन स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं होतं. सैनिकांची टिंगल करणाऱ्या 'झॉम्बी' या त्याच्या गाण्याने लष्कर आधीच चिडलेलं होतं. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे एक हजार सैनिकांनी घराला वेढा घातला, आतल्या माणसांना मारलं, बायकांवर अत्याचार केले, फेलाच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं आणि घर पेटवून दिलं. आई त्या दुखण्यातून उठली नाही; पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेली. सरकारी चौकशीने खापर फोडलं ते एका 'अज्ञात सैनिका'वर. आज त्या रस्त्यावरून डान्फो जातात आणि दुकानांच्या पाट्यांत जुन्या घराचा मागमूस लागत नाही.

हे सगळं घडून गेल्यावर आलेलं बसचं गाणं म्हणजे 'शफरिंग अँड श्मायलिंग'. साल १९७८. यातली बस डान्फो नव्हे, मोलुए. मर्सिडीज ९११ ट्रकच्या सांगाड्यावर लागोसच्या गॅरेजांत पत्रे ठोकून बनवलेलं हे मोठं धूड. आसनं चाळीस-पंचेचाळीस आणि उभ्यांना मोजदाद नाही. चालत्या मोलुएत धर्मोपदेशक प्रवचन करत, औषधवाले एकाच गोळीत मलेरिया आणि नपुंसकत्व दोन्ही बरं करत, खिसेकापू आपलं काम करत. फेला गाण्यात बसलेल्यांचा आणि उभ्यांचा आकडाच देतो, आणि उभे बसलेल्यांच्या दुप्पट निघतात. लागोसकर अजून तो आकडा म्हणीसारखा वापरतात.

पण गाणं बसमध्ये थांबत नाही. प्रवासी उतरून घरी जातो तर नळाला पाणी नाही, दिवा लावायला वीज नाही, रस्त्यावर वर्दीवाल्याचा मार, कामावर उशिराबद्दल जाब. तरी तो हसतो, कारण त्याला सुखाचा पत्ता स्वर्गातला दिलेला आहे. इथे फेला बिशप आणि इमाम दोघांना एकाच रांगेत उभं करतो: तुम्ही मात्र याच जन्मात मजेत आहात. धर्मगुरूंच्या घराण्यात जन्मलेल्याने हे म्हणणं, आणि तेही अशा देशात जिथे प्रत्येक डान्फोच्या काचेवर देवाचं नाव आहे, ही साधी गोष्ट नव्हती. बसमधली गर्दी इतर गाण्यांत गंमत म्हणून येते. फेलाच्या गाण्यात ती पुरावा म्हणून येते. आधी पंचनामा, मग आरोपी.

फेलाला संत करण्याची गरज नाही. त्याच १९७८ सालात त्याने एकाच समारंभात सत्तावीस स्त्रियांशी लग्न लावलं. त्याच्या गाण्यातला बसचा प्रवासीही मला पुरुषच वाटतो. डोक्यावर टोमॅटोची टोपली, पाठीला बांधलेलं मूल आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन डान्फोत चढणारी बाई ओजुएलेग्बाला पावलापावलाला दिसते. तिच्यावर स्वतंत्र कडवं त्याला सुचलं नाही. त्याच्या आईने मात्र आयुष्य अशाच बायकांसाठी घालवलं होतं.

या शहराला दुसरी बस मिळाली नसती असं नाही. लागोसचे गव्हर्नर लतीफ जाकांदे यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेट्रोचा प्रकल्प आखला, करार झाला. १९८३च्या शेवटच्या दिवशी लष्कराने सत्ता घेतली, जनरल मुहम्मदू बुहारी प्रमुख झाले आणि १९८५ मध्ये मेट्रो रद्द झाली. करार मोडल्याची भरपाई वर भरावी लागली. याच बुहारींच्या राजवटीत, सप्टेंबर १९८४ मध्ये, फेलाला लागोस विमानतळावर परकीय चलनाच्या आरोपावरून पकडून पाच वर्षांची शिक्षा झाली; सुमारे वीस महिने तो तुरुंगात राहिला. पुढे बुहारी निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झाले, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी लागोसच्या ब्लू लाइनचं उद्घाटन करायला आले. फेला १९९७ मध्येच गेला होता. जिवंत असता तर यावर किती मिनिटांचं गाणं झालं असतं, हा विचार टाळता येत नाही.

ब्लू लाइनमध्ये बसलो. मरिना ते माइल टू, तेरा किलोमीटर. सप्टेंबर २०२३ पासून ती प्रवाशांसाठी सुरू आहे. गाडी खाडीवरून जाते, थंड हवा, कार्ड टेकवून प्रवेश, आणि आश्चर्य म्हणजे शांतता. पाठोपाठ अग्बादो ते ओयिंग्बो ही सत्तावीस किलोमीटरची रेड लाइनही झाली. ती मुशिनमधूनच जाते, फेलाच्या जळालेल्या घराच्या परिसरातून. २००८ पासून माइल ट्वेल्व्हहून स्वतंत्र मार्गिकेतल्या बसही धावतात. २०१७ मध्ये गव्हर्नरांनी डान्फो रस्त्यावरून काढणार असं जाहीर केलं होतं. डान्फो आहेत, ते गव्हर्नर गेले.

महाराष्ट्रातल्या माणसाला लागोसमध्ये घरची आठवण करून देणारी एक गोष्ट आहे, आणि तिला तीन चाकं आहेत. केके म्हणून ओळखली जाणारी पिवळी रिक्षा बहुतेक वेळा बजाजची असते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात लष्करी प्रशासक बुबा मारवा यांनी लागोसमध्ये त्या आणल्या म्हणून त्यांना केके मारवा म्हणत. नंतर केंद्राच्या दारिद्र्यनिर्मूलन योजनेतून वाटल्या गेल्या तेव्हा केके नापेप झाल्या. ओकाडा या भाड्याच्या मोटरसायकलींतही बजाज बॉक्सर सर्रास दिसते. २०२० आणि २०२२ मध्ये सरकारने ओकाडावर मोठ्या भागांत बंदी घातली. वाळूजच्या कामगारांच्या पगाराचा एक धागा या बंदीत अडकलेला आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. ओशोडीजवळ केकेवाल्याला मी सांगितलं की ही गाडी माझ्या राज्यात बनते. तो म्हणाला, "ओगा, मग सुटे भाग स्वस्त करा ना!" त्यात विनोद कमी होता. मे २०२३ मध्ये पेट्रोलवरची सवलत उठली, दर एका फटक्यात दुपटीहून वर गेला आणि भाड्यांनीही तीच वाट धरली.

विझकिडचं 'ओजुएलेग्बा' या सगळ्यापेक्षा मऊ आहे. अयोदेजी बालोगुन हे त्याचं खरं नाव. १९९० चा जन्म, वाढला सुरुलेरेत. 'आयो' या २०१४च्या अल्बममधलं हे गाणं पुढच्या वर्षी ड्रेक आणि स्केप्टाच्या साथीने पुन्हा आलं आणि लागोसबाहेरच्या पोरांना हा उच्चार येऊ लागला. चार मिनिटंही न लागणारं गाणं. त्यात चौक म्हणजे आपण जिथून निघालो ती जागा: लहान स्टुडिओ, रात्रीचं जागरण, आईची प्रार्थना, आणि शेवटी यश. तिथले लोक अजून हाल काढताहेत हे तोही म्हणतो. पण तो पोलीस कुठे गेला असं विचारत नाही. देवाचे आभार मानतो. फेलाने ज्या हसऱ्या सहनशीलतेवर कोरडे ओढले तीच चाळीस वर्षांनी गोड चालीत परत आली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. गाणं मात्र सुंदर आहे आणि उड्डाणपुलाखालच्या स्पीकरवर तेच जास्त वाजतं.

त्या पुलावरून २०१५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२३ मध्ये ट्रेलरवरचे कंटेनर खालच्या गाड्यांवर कोसळले आणि माणसं मेली. दुसऱ्या वेळी खाली प्रवासी बस होती. बंदरातून येणारे हे कंटेनर नीट बांधलेले नसतात हे शहराला आधीपासून माहीत होतं. 'कन्फ्युजन' जुनं झालं आहे असं म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा बघाव्यात.

इकेजामध्ये फेलाचं नंतरचं घर २०१२ पासून कालाकुटा संग्रहालय आहे. त्याची कबर अंगणातच आहे. आत त्याची खोली, कपडे, चपला-बुटांची रांग, भिंतींवर वृत्तपत्रांची कात्रणं. तिथून जवळच मुलांनी उभारलेलं न्यू आफ्रिका श्राइन आहे. जायचं असेल तर ऑक्टोबरात जावं. त्याच्या जन्मदिवसाच्या आठवड्यात फेलाब्रेशन भरतं. ओजुएलेग्बाहून इकेजाला जायला दोन तास हाताशी ठेवा, सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेवा, आणि घरून निघण्यापूर्वी 'कन्फ्युजन' एकदा पूर्ण ऐका. सुरुवातीच्या पियानोवर कंटाळून पुढे ढकलू नका. शब्द उशिरा येतात, पण येतात.